अर्जदार नामधारी

चूक माझीच. आमच्या नगरपालिकेच्या परवाना विभागात माझ्या टेबलावर त्या दिवशी अकोल्याचे दोन कागद होते. एक, आठवडी बाजारातल्या वाहनतळाचा ठेका मागणाऱ्याचा अर्ज. दुसरा, माझ्या मुलीसाठी आलेल्या स्थळाचा बायोडाटा. मी अर्ज घरी नेला आणि बायोडाटा पडताळणीसाठी तायडेंच्या फायलीत घातला.

दुपारी जेवताना बायकोनं चष्मा लावला. "पोरगा बावन्न वर्षाचा हाये हो," ती म्हणाली. "अन् दोन ट्रक हायेत."

मी धावत ऑफिसात गेलो. तायडे अकोल्याच्या बसमध्ये बसून गेले होते. फोन बंद. चौकशीच्या वेळी ते फोन बंदच ठेवतात.

तायडे म्हणजे आमची पडताळणी. झालं असं, की एका गावातून हाकललेली गुंडांची टोळी दुसऱ्या गावात साळ्याच्या, भाच्याच्या नावावर ठेके घ्यायची. म्हणून आसपासच्या नगरपालिकांनी ठरवलं, की ठेका किंवा परवाना देण्याआधी एकमेकांना विचारायचं, हा माणूस कोण? पत्राला उत्तर यायला महिना लागतो, म्हणून तायडे स्वतःच जातात. आधी तिथल्या कचेरीत हाकललेल्यांची नोंदवही पाहतात, मग थेट अर्जदाराच्या घरी.

"मानूस वाईट नसन," ते म्हणतात, "पन पाहून घ्या लागते."

ही सवय पाच वाजता सुटत नाही. चहावाल्याला विचारतात, "गाडी कोनाच्या नावावर हाये?" शेजारी नवीन बिऱ्हाड आलं, तर त्यांच्याकडे आधीच्या गावातले दोन ओळखीचे इसम मागितले. त्यामुळे त्यांना कोणी घरी बोलावत नाही. एकटा जीव, खानावळीचा डबा. मीही वीस वर्षांत कधी बोलावलं नाही. माझ्या घराच्या मागच्या खोलीची परवानगी अजून यायची आहे.

संध्याकाळी मुलाच्या वडलांचा फोन आला.

"तुमचे साळे येऊन गेले," ते म्हणाले. "मुलीचे मामाच ना?"

माझ्या बायकोला भाऊ नाही. पण गोंधळलेला माणूस पहिल्यांदा 'हो' म्हणतो. मी म्हणालो, "हो."

"लय बारीक चौकशी केली बाप्पा! याआधी कोठी करार झाला होता काय, मोडला काय, घरातले व्यवहार कोन पाह्यते... पन आमाले बरं वाटलं. पोरीची एवढी काळजी करनारा मामा हाये. साखरपुड्याले त्याहिले आनाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तायडेंचा अहवाल टेबलावर होता: "नोंदवहीत नाव नाही. अर्जदारानं रास, नाडी, उंचीसकट माहिती दिली आहे; इतका प्रामाणिक अर्जदार पाहिला नाही. तथापि अर्जदार नामधारी असून खरा कारभार आईच्या हाती आहे. ठेका देऊ नये."

खाली, पेन्सिलीनं: "घर चांगलं. ओळख ना पाळख, पण जेवल्याबिगर उठू दिलं नाही. आईनं दोनदा भाकर वाढली."

मी खरं काय ते सांगितलं. तायडे बराच वेळ फायलीची नाडी बांधत आणि सोडत राहिले.

"आधी सांगाचं ना बाप्पा," ते म्हणाले. "पोरीचं काम होतं. सदरा तरी बदलून गेलो असतो."

मग मामाचं सांगितलं. ते ताडकन उठले.

"नाव एकाचं अन् मानूस दुसरा! भाऊ, हेच तर आपन पकडतो! मी आताच फोन करतो त्याहिले. मी कोनाचा मामा-गिमा नाई."

"तायडे, लग्न मोडेल!"

"मोडो. मंग पोरगी कोनाच्या भरोशावर देनार, खोट्या मामाच्या?" फोन हातात घेऊन ते थांबले. मोठ्या मुश्किलीनं मी संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली. ती त्यांनी लेखी घेतली.

अहवाल घेऊन घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. अर्ज कुठला, बायोडाटा कुठला, साळा कोणाचा, यात मीच दोनदा चुकलो. तिनं पेन्सिलीच्या दोन ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग उठून देवघरातलं निरांजन घासायला घेतलं.

"आता तायडेंना काय सांगू?" मी विचारलं.

"जेवाले बोलवा," ती म्हणाली. "मी ओवाळतो त्याहिले भाऊ म्हनून. मंग करू द्या काय फोन कराचा तो. अन् कागदावर पाहिजे असन, तर तेबी लिवून देतो म्हना."