मष्णू आप्पांच्या मशीनचं मौन

खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या पट्ट्यात माझ्याइतका तल्लख डिटेक्टिव्ह दुसरा नाही. पहिलाही नाही, असं माझी बायको मनुबाई म्हणते. पण पुराव्याशिवाय केलेल्या विधानांना मी किंमत देत नाही. मी जोतिबा. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होतो. विनातिकीट माणूस नुसत्या खोकल्यावरून ओळखायचो. निवृत्तीनंतर डोक्यावर एकही केस उरला नव्हता आणि हातातही एकही केस नव्हती. तेवढ्यात नंदगडाहून मष्णू आप्पांचा फोन आला.

"जोतिबा, लगेच ये रं. मशीन सुरू होईना!"

आप्पांच्या लेकीचा, मनिषाचा, त्या दिवशी साखरपुडा. पाहुणे निपाणीहून निघालेले. परसात मांडव घालायचा, तर तिथं गुडघाभर गवत. ते कापायचं पेट्रोलचं मशीन वर्षभरानं बाहेर काढलेलं. मी पोचलो तोवर दोरी ओढून ओढून आप्पांचा दंड भरून आला होता.

"काल धामण निघाली तिथनं," ते म्हणाले. "विहिणीच्या पायात आली तर सोयरीक मोडंल गा."

मी मशीनभोवती तीन फेऱ्या मारल्या.

"टाकीत पेट्रोल हाय?"

"सकाळीच नवं घातलंय."

मी झाकण काढून हुंगलं. अनुमान बरोबर निघालं, पेट्रोलच होतं. जरा चक्कर आली, ती बुद्धीच्या वेगामुळं. मग प्लग काढून त्याच्याकडं दोन मिनिटं रोखून पाहिलं. तो स्वच्छ होता. संशय यावा इतका स्वच्छ. प्लग परत बसवला, चोक ओढला. आप्पांनी दोरी ओढली. मशीन नुसतं फुसफुसलं.

"घातपात!" मी म्हणालो. "गवत वाचलं तर फायदा कुणाचा? ज्याच्याकडं म्हस हाय त्याचा!"

कुंपणापलीकडं शेजारचा यल्लाप्पा म्हशीला पाणी पाजत होता.

"खरं सांग, मशीन तूच बिघडवलंस न्हवं?"

"माझी म्हस पेंड खाती, अण्णा," तो म्हणाला. "आणि चहाला दोन लिटर दूध काढून ठेवलंय, तेवढं घेऊन जावा."

मी वहीत लिहिलं : आरोपी लाच देतो.

तोवर फोन आला. पाहुण्यांनी बेळगाव सोडलं होतं. आप्पा पायरीवर मटकन बसले. मनिषा आतून आली, नव्या साडीचा पदर खोचून तिनं विळा उचलला.

"आप्पा, तुमी उठा. मी कापतो."

मला लई लाज वाटली. ती मात्र वहीत लिहिली नाही.

इतक्यात आप्पांची थोरली बहीण अंबुबाई चहा घेऊन आली. वडगावात जन्मभर मागावर साड्या विणलेली बाई. ती म्हणाली, "वढ बघू एकदा." आप्पांनी दोरी ओढली. तिनं कान दिला.

"ह्येला श्वास सोडाय येईना झालाय." तिनं वाकून सायलेन्सरच्या भोकात पाहिलं. "हे बघा! कुंभारणीनं चिखलाचं घर बांधलंय आत. ती माशी दिसंल त्या भोकात घर करती."

अंबुबाईनं अंबाड्यातला आकडा काढला आणि माती उकरली. आप्पांनी दोरी ओढली. मशीन असं गरजलं की यल्लाप्पाची म्हैस दावं तोडून पळाली, आणि आत उरलेला चिखल सुटला तो थेट माझ्या कपाळावर.

अर्ध्या तासात परस मोकळं झालं. मांडवाचा शेवटचा खांब रोवला आणि गाडी दारात आली. विहीणबाई उतरल्या. माझं तुळतुळीत डोकं आणि कपाळावरचा मातीचा टिळा पाहून त्यांनी पदर सावरला आणि वाकून नमस्कार केला.

"भटजी आधीच आलेत वाटतं!"

डिटेक्टिव्हनं वेषांतर उघड करायचं नसतं. मी हात वर करून आशीर्वाद दिला.