रामकिसनचे केस स्वतःचे

होणाऱ्या जावयाचे केस तातेरावांच्या हातात आले. अर्थात, तसं काही घडलेलं नाही. अंबडच्या कोर्टासमोरच्या नेट कॅफेत त्या दुपारी हजर असलेल्या कोणालाही विचारा, "आम्ही आपापल्या कॉम्प्युटरकडं पाहत होतो," असंच सांगेल.

हसनाबादच्या तातेरावांनी रामकिसनला पसंत केलं ते त्याने टोपी घातलेली असताना. टोपीखाली काही उरलेलं नव्हतं. म्हणून त्याने कॅफेत बसून इंग्रजी अक्षरांत ‘विग जालना स्वस्त’ असं शोधलं आणि विग आणलाही. नंतर एकदा त्याच कॉम्प्युटरवर पहिलं अक्षर दाबलं, तर अख्खं वाक्य आपसूक खाली उतरलं.

"मच्छिंद्रभाऊ, हे असं कामून करून राह्यलंय?" त्याने कॅफेवाल्याला हळूच विचारलं.

"ब्राउझर हाय तो. लिहिलेलं समदं ध्यानात ठेवतो."

"आन सांगतो कोणाला?"

"जो खुर्चीत बसंल त्याला."

"पुसता येतं का?"

"येतं म्हणतेत. मला न्हाई येत."

रामकिसनच्या गल्लीत झुंबरबाई होती. तिला आपल्याबद्दल अधूनमधून चांगलं काही पुरवलं नाही तर ती वाईट तेवढंच वाटत फिरे. त्याने ब्राउझरलाही तोच इलाज केला. बसून लिहिलं, ‘रामकिसन अंबड स्वभाव उत्तम’. मग ‘रामकिसन अंबड व्यसन नाही’. आणि शेवटी, जिवावर उदार होऊन, ‘रामकिसन अंबड केस स्वतःचे’.

पुढे तातेराव पोरीचा, म्हणजे बेबीनंदाचा, निकाल पाहायला होणाऱ्या जावयालाच घेऊन कॅफेत आले. रिकामा कॉम्प्युटर एकच होता. तोच.

"मामा, लाईट जाईल आता," रामकिसन म्हणाला.

तातेरावांनी ‘रिझल्ट’साठी आर दाबला. खाली जे उतरलं ते त्यांनी बोट ठेवून वाचलं.

"जावईबापू, आमच्याबिगर तुमची चौकशी कोण करून राह्यलंय?"

"कोणीच न्हाई, मामा."

"स्वभाव इचारला, व्यसन इचारलं. पोरीवालेच हायेत." त्यांनी कॅफेतल्या प्रत्येक पाठीकडे संशयाने पाहिलं. "पर केसाचं कामून इचारलं असंल?"

आणि खात्री करायला त्यांनी हात घातला.

कॅफेतल्या सगळ्यांनी आपापल्या कॉम्प्युटरकडं माना वळवल्या. तातेरावांनी हातातले केस उलटेपालटे करून पाहिले. मग त्यांनी ते जागच्या जागी ठेवून दिले, फक्त पुढची बाजू मागे.

"केसाची शंका असून बी ते लोक मागं लागलेत. मंजे स्थळात दम हाय. लग्न दिवाळीनंतर न्हाई, ह्याच गुरुवारी. बिलकुल बोलायचं न्हाई कोणाला."

लग्न झालं. पण तातेराव अजून बाजाराच्या दिवशी कॅफेत येऊन आर दाबतात. परवा त्यांनी मच्छिंद्रला विचारलं, "हे लिहिणाऱ्याचं नाव बी सांगतो का तो?"

"कुठं ना कुठं नोंद असंलच," मच्छिंद्र म्हणाला.

हे कानावर येताच त्याच संध्याकाळी रामकिसनने त्याच कॉम्प्युटरवर बसून अर्ज लिहिला:

‘प्रति, मा. ब्राउझर अधिकारी, इंटरनेट. चौकशी करणाऱ्याचे नाव आपल्या दप्तरातून कायमचे खोडावे. चौकशी मात्र आहे तशीच राहू द्यावी. तसेच सदर अर्जाची कोठेही नोंद ठेवू नये, ही नम्र विनंती.’