लोटूसरांच्या नावावर पहारा

कडूचं पत्र येऊन बावीस दिवस झाले होते आणि लोटूसरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. यात नवल काही नव्हतं. लोटू महाजन यांनी आजवर कुठल्याच पत्राला उत्तर दिलं नव्हतं. एकतीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काढलेला माणूस. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचायला त्यांना कधी त्रास झाला नाही, पण स्वतः चार ओळी लिहायच्या म्हटलं की पहिल्याच शब्दाशी गाडं अडे. ‘प्रिय’ फार सलगीचं वाटे आणि ‘मित्रवर्य’ फार जड. शेवटी ते पत्र शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात जाई आणि सर म्हणत, “उद्या सवडीनं लिहू.” त्या खंडाचं पोट बाकीच्या खंडांपेक्षा चांगलंच सुटलं होतं.

हे पत्र मात्र शब्दकोशात नव्हतं. सरांनी ते ट्रंकेत, मफलरच्या घडीत लपवलं होतं. कारण त्यात कडूनं लिहिलं होतं :

“तुझं पत्र पावलं. तू समजावलंस म्हणून गुडघ्याच्या ऑपरेशनला तयार झालो. तुझ्या पत्रानं धीर येतो, लेका. रुपालीच्या लग्नात तू स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणणार, हे वाचून घरातल्या सगळ्यांनी पत्र हातोहात फिरवलं. पत्रिकेत तुझं नाव छापतो. तेवढा एकदा पक्का होकार कळव. बँडवाल्याला तितका वेळ गप बसायला सांगून ठेवलंय.”

कडू हा सरांचा शाळेपासूनचा मित्र. देडतलाईला त्याची केळीची बाग, आणि रुपाली ही त्याची मुलगी. कडूला फोनवर ऐकू येत नसे आणि सर फोन उचलत नसत, त्यामुळे दोघांमध्ये टपाल तेवढं उरलं होतं. पण सरांनी गुडघ्याबद्दल कधी काही लिहिलं नव्हतं. मंगलाष्टकांबद्दल तर नाहीच नाही. चार माणसांत ‘चहा नको’ म्हणायची लाज वाटून तीन कप पिणारा माणूस मांडवात उभा राहून मंगलाष्टकं काय म्हणणार!

म्हणजे एक तर कोणीतरी त्यांच्या नावानं पत्रं लिहीत होतं, किंवा त्यांनीच लिहून ते विसरले होते. सरांना दुसरं जास्त खरं वाटलं. कसलाही आरोप असला की ते आधी स्वतःकडे बघत. तीन दिवस त्यांनी गुपचूप स्वतःची परीक्षा घेतली. ग्रंथालयातल्या कपाटांचे क्रमांक, सगळ्या हेडमास्तरांची नावं, कोणी कोणतं पुस्तक परत केलं नाही, सगळं तोंडपाठ होतं. पत्र तेवढं आठवेना.

विमलताईंना विचारायची सोय नव्हती. पत्र आलं तेव्हा त्या बहिणीकडे रावेरला होत्या. परत आल्या त्याच दिवशी त्यांनी शब्दकोश खाली काढून झटकला.

“काही टपालबिपाल आलं होतं का?”

“छे,” सर म्हणाले. “कोण लिहितंय आपल्याला?”

“काहीच नाही?” विमलताईंनी तिसरा खंड पुन्हा एकदा झटकला.

‘डोकं तपासून घ्या’ असं आपली बायको म्हणेल, या धाकानं सर गप्प राहिले.

तोडगा निघाला तो बुधवारा पेठेत. घराजवळच्या पंकजच्या ऑनलाइन सेंटरवर नवा फलक लागला होता : ‘नाम-कवच. तुमच्या नावानं दुसरंच कोणी जगत तर नाही ना? वर्षाचे पंधराशे. पहिले पंधरा दिवस फुकट.’ सरांनी तो फलक समोरच्या फुटपाथवरून वाचला, मग जवळ जाऊन वाचला आणि ‘वाचनालयात जातो’ असं घरी सांगून तिसऱ्या दिवशी दुपारी आत शिरले.

“या सर!” पंकज त्यांचा जुना विद्यार्थी. “झेरॉक्स?”

“नाही. ते… कवच.” सर हळूच म्हणाले. “घ्यावं का रे ते? फायदा असतो का काही?”

“फायदा म्हणजे! जमाना खराब आहे, सर. माणूस घरी झोपलेला असतो आणि त्याच्या नावावर कोणी तरी ट्रॅक्टर उचलतो. तुमच्या बाबतीत काही झालंय का?”

सरांनी मागे वळून पाहिलं. “कोणी तरी माझं नाव वापरतंय.”

“बाप रे! किती उडवले?”

“काही नाही.”

“कर्ज काढलं?”

“नाही. एका माणसाला गुडघ्याच्या ऑपरेशनला तयार केलं.”

पंकजनं खुर्ची जवळ ओढली. “आणखी?”

“धीर दिला त्याला. आणि लग्नाला येतो म्हणून कळवलं.”

“सर, असा चोर कुठं मिळतो? माझ्या नावानं पण एखादा पाहिजे. सासुरवाडीला पाठवला असता.”

“चेष्टा नको रे. पत्रिका छापायची थांबली आहे. ते मीच लिहिलं की दुसऱ्यानं, एवढं कळलं की झालं.”

“मग फुकटवाला सुरू करू. पटलं तर पैसे भरा, नाही तर सोडून द्या.”

आपलं नाव चोरांपासून वाचवण्यासाठी ते आधी सगळंच्या सगळं अनोळखी माणसांच्या हवाली करावं लागतं, हे सरांना त्या दुपारी समजलं. आधार, पॅन, कुटुंबाचा समग्र आयडी, पासबुक, आईचं माहेरचं नाव. सर एकेक कागद पिशवीतून काढत होते आणि प्रत्येक वेळी विचारत होते, “हे दिलं तर चालतं ना?”

“चालतं, सर. सगळेच देतात.”

मग फोटो. पडद्यावर सूचना आली : पलकें झपकाएँ. सरांनी विचार केला, पापण्या किती वेळा लववायच्या? तेवढ्यात वेळ संपली. दुसऱ्यांदा त्यांनी आधीच डोळे मिटले आणि पुढची सूचना दिसेना म्हणून मिटूनच ठेवले. तिसऱ्या खेपेला चौकट लाल झाली.

“काही नाही, सही करून टाका. बँकेतल्या सहीशी जुळली की काम झालं.”

सरांनी काचेवर बोटानं सही केली. जुळली नाही. कागदावर करून फोटो काढला. जुळली नाही. पंकजनं त्यांना पाणी दिलं. मग सरांनी आयुष्यात केली नव्हती एवढ्या काळजीनं, एकेक अक्षर लावून सही केली, आणि पडद्यावर ठळक अक्षरं उमटली : आवेदक संदिग्ध है।

“संशयित अर्जदार म्हणजे मी?”

“टेन्शन नका घेऊ. आता रजिस्टर नंबरवर मेसेज जाईल. तुम्ही ‘मीच आहे’ म्हणून दाबायचं. मोबाइल काढा.”

“मोबाइल हिच्याकडे असतो,” सर म्हणाले. “मी उचलत नाही ना फोन. म्हणून सगळीकडे हिचाच नंबर दिलाय.”

त्याच वेळी, दोन गल्ल्या पलीकडे, मेथीची जुडी हातात धरून भाव पाडत असलेल्या विमलताईंचा फोन वाजला. ‘सावधान! कोई व्यक्ति श्री लोटू महाजन बनकर उनके नाम का उपयोग कर रहा है। यदि यह वे नहीं हैं तो 1 दबाएँ।’ विमलताईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं. आपला नवरा वाचनालयात आहे. तिथून तो पाचच्या आत उठत नाही आणि मोबाइलच्या वाटेला जात नाही. हा तो नव्हेच. त्यांनी एक दाबला. जोरात दाबला.

पंकजचा फोन लगेच खणखणला. तो ‘जी… जी मॅडम… जी, सामने ही बैठे हैं’ असं म्हणत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

“काय झालं रे?”

“सर, चहा घ्या.”

“नको—”

“घ्याच. कवचवाले म्हणतात, खऱ्या लोटू महाजनांच्या घरून पक्कं झालंय की तुम्ही खोटे आहात. त्यांना सेंटरचा पत्ता दिलाय. घरची माणसं येईपर्यंत तुम्हाला बोलण्यात गुंतवून ठेवा म्हणाले.” पंकज ओशाळून हसला. “मग, सर… तब्येत काय म्हणते?”

सरांनी चहा घेतला. आपण खोटे आहोत हे कोणीतरी इतक्या ठामपणे सांगितल्यावर त्यांना ते अगदीच अशक्य वाटेना. दुसरा कप संपता संपता दारात पिशवी आणि पिशवीमागून विमलताई अवतरल्या.

“कुठंय तो मेला? दाखव, पंकज!”

पंकजनं नाइलाजानं बोट केलं.

“अहो! तुम्ही इथं काय करून राहिले?”

“मी…” सर उठून उभे राहिले. “मी माझ्या नावाची चौकशी करत होतो.”

“काकू,” पंकज मध्ये पडला, “सरांच्या नावानं कोणी तरी पत्रं लिहून राहिलंय. त्याला पकडायला आले होते.”

विमलताईंनी पिशवी खाली ठेवली. मेथीची जुडी सारखी केली. मग पदर सारखा केला.

“कोणी तरी काहून?” त्या म्हणाल्या. “मीच लिहिते.”

“तू?”

“तीस वर्षं झाली. तुम्ही आलेलं पत्र शब्दकोशात दाबता. मी आठ दिवस वाट पाहते. मग लिहिते. उत्तराचं उत्तर आलं की ते तुमच्या हाती पडू देत नाही; या खेपेला मी रावेरला होते. लोकांनी काय समजायचं, लोटू मेला की माजला?”

“पण सही?”

“तुमच्यापेक्षा बरी येते.”

सरांना एकदम काहीतरी सुचलं. त्यांनी लाल झालेल्या पडद्याकडे पाहिलं. “विमल, बँकेतली सही कोणाची आहे?”

विमलताई मेथीकडे पाहू लागल्या. “त्या दिवशी तुम्ही पुस्तकांची मोजणी करत होते. साहेब म्हणाले, घरून सही करून आणा. मी बाहेर बाकावर बसून करून आणली.”

पंकज खुर्चीतच वाकून हसू लागला. पण सर हसले नाहीत. चोर सापडला होता, डोकं शाबूत होतं, तरी मांडव समोर उभाच होता.

“मंगलाष्टकांचं का लिहिलंस?”

“लाल वहीत अकरा लिहून ठेवली ना तुम्ही? मी वाचली. चांगली आहेत.” विमलताईंचा आवाज खाली आला. “रुपालीच्या लग्नाचं कडूभाऊंनी फार मनावर घेतलंय. आता उत्तर कोण देईल ते सांगा. पत्र कुठं लपवलंय?”

“मफलरमध्ये.”

“तरीच! मी तिसरा खंड चारदा झटकला.” त्यांनी पिशवी उचलली. “या खेपेला मी नाही लिहिणार. मांडवात उभं तुम्हाला राहायचंय. हो म्हणा नाही तर नाही म्हणा, पण तुम्हीच म्हणा.”

“सर, प्लॅनचं काय करू?” पंकजनं डोळे पुसत विचारलं. “पंधराशे भरता का?”

“कशाला?” विमलताईच म्हणाल्या. “नावावर पहारा बसवतात म्हणे! आधी ते नाव थोडं वापरा तर खरं. कपाटातून बाहेरच काढलं नाही तर चोर काय कपाटात शिरणार?”

सरांनी कागद पिशवीत भरले. प्लॅन नको, हे त्यांनी आयुष्यात प्रथमच चटकन ठरवलं होतं, तेही बायकोनं ठरवल्यावर.

पत्र मात्र चटकन झालं नाही. सकाळपासून जेवणापर्यंत सात कागद फाटले. शेवटी सर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“विमल, माझ्या पत्राची सुरुवात मी कशी करतो गं?”

“‘प्रिय कडू, आधी तुझा गुडघा सांग, मग बाकीचं.’ असं काहीतरी.”

“वा!” सरांना मनापासून बरं वाटलं. “आणि शेवट?”

“शेवटी तुम्ही त्याला एखादी शिवी देता. त्याला आवडते.”

आपण इतके मोकळे आणि लोभस आहोत याची सरांना कल्पना नव्हती. ते परत टेबलाशी गेले. या माणसाची बरोबरी करणं जड होतं, पण त्यांनी सुरुवात मात्र स्वतःची केली. “प्रिय कडू, मला मांडवात उभं राहायची भीती वाटते. तरी येतो. पत्रिकेत नाव छाप. बँडवाल्याला माझ्याजवळच बसव. मी अडखळलो तर त्यानं लगेच वाजवायला लागावं.” शिवी द्यायचं त्यांना धाडस झालं नाही. ‘गाढवा’ लिहून त्यांनी खोडलं आणि मग खोडलेलं वाचता येईल असंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दोघं पोस्टापाशी गेली. लाल पेटीसमोर सरांचा हात थांबला.

“आता काय झालं?”

“अक्षर वेगळं, सही वेगळी. कडूला वाटेल, कोणा भामट्यानं माझ्या नावानं लिहिलंय.”

“वाटणारच,” विमलताई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून एक पोस्टकार्ड काढून सरांच्या हातात दिलं. त्यावर कडूच्या ओळखीच्या, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : ‘प्रिय कडू, आधी तुझा गुडघा सांग. याच टपालानं माझ्या नावाचं आणखी एक पत्र येईल. अक्षर किरटं आहे, सही धड नाही, पण माणूस खरा आहे. मी ओळखतो. तुझाच, लोटू.’

सरांनी ते दोनदा वाचलं. सही खरोखरच त्यांच्यापेक्षा बरी होती. त्यांनी आधी ते कार्ड पेटीत टाकलं आणि मग त्याच्या भरवशावर स्वतःचं पत्र सोडलं.