नातीच्या सीटवर उकंडराव

गोविंदाच्या सायकलच्या दुकानात शिरताना उकंडरावांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं, की आपण कशासाठी आलो हे कोणाला कळू द्यायचं नाही. आता दुकानात जाऊन लहान पोराची सीट मागायची आणि कोणासाठी ते सांगायचं नाही, हे कसं जमणार होतं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पण माणूस शरमला की त्याचं डोकं हे असंच चालतं.

शरमेचं कारण घरात होतं. गेल्या महिन्यात नातीला, गार्गीला, अंगणवाडीतून कॅरिअरवर बसवून आणताना उतार लागला आणि उकंडरावांनी "पाह्य आता आपलं इमान!" म्हणून सायकल सोडून दिली. विमान झालं खरं, पण पोरीचा पाय चाकाच्या तारांत गेला. टाच सोलवटली, गावभर ऐकू जाईल असं रडणं झालं, पट्टी झाली. जखम केव्हाच भरली. सून अश्विनी मात्र त्या दिवसापासून एक शब्द बोलली नव्हती, आणि तेच उकंडरावांना खात होतं. ती भांडली असती तर त्यांनीही आवाज चढवला असता आणि प्रकरण मिटलं असतं. पण ती रोज सकाळी मुकाट्यानं गार्गीला कडेवर घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला चालत निघायची, आणि उकंडराव ओट्यावर बसून सायकल पुसत राहायचे. पुसून पुसून सायकलचा रंग उडायची वेळ आली, तरी "मामाजी, आज तुम्ही न्या" हे काही तिच्या तोंडून निघेना.

"काय पायजे काका?" गोविंदानं विचारलं. अमडापूरचा बाजाराचा दिवस, दुकानासमोरून माणसांची रीघ चाललेली.

उकंडराव खालच्या आवाजात म्हणाले, "लहान सीट दाखव. एका जणाले पायजे."

"कोणाले?"

"तुले काय कराचं बे? दाखव म्हनलं तं दाखव."

गोविंदानं पहिल्यांदा पुढच्या दांडीवर बसवायची फळी काढली. "हे पाहा, पोरगं आपल्या नजरंसमोर राह्यते."

"पाय कुठी राह्यतात?"

"लोंबतात."

"नाही पायजे."

मग तारेची टोपली आली. "याच्यात पाय भोकातून बाहेर निंघतात," गोविंदा म्हणाला.

"बाहेर म्हंजे चाकाकडं?"

"थोडेसे."

"ठेव तिकडं!" उकंडराव असे मागे सरकले, की गोविंदाला वाटलं टोपलीत विंचूच निघाला.

शेवटी त्यानं माळ्यावरून एक लाल सीट काढली. उंच पाठ, दोन्ही बाजूंना भिंती, पोटाला पट्टा, आणि पायांसाठी खाली दोन खोल खोबण्या. उकंडरावांचे डोळेच लकाकले. गोविंदानं ती लगेच त्यांच्याच सायकलच्या कॅरिअरवर बोल्ट आवळून बसवली. "एकच राह्यली काका. हा माल आता येत नाही. गार्गीले घेऊन या, बसवून पाहू. घर तं इथंच हाय."

झाली का पंचाईत! माझ्याकडे पोरगी देत नाहीत, हे भर बाजारात सांगायचं कसं?

"ते झोपली हाय," उकंडराव म्हणाले.

"मंग दुपारी आना."

"दुपारी बी झोपते."

"संध्याकाळी?"

"लय झोपते बे ते पोरगी!" उकंडराव वैतागून म्हणाले. "थांब, मीच बसून पाह्यतो. पाय चाकाले लागते का नाही, तेवढंच पाहाचं हाय."

"तुम्ही? काका, ते लहान लेकराचं माप हाय."

"माह्या अंगावर मांस कुठी हाय? धर सायकल."

मांस नव्हतं हे खरं. पण कमरेला धोतराच्या निऱ्या होत्या आणि कनवटीला पानतंबाखूची फुगलेली चंची होती, हे उकंडराव विसरले. त्यांनी मागची बाजू सीटमध्ये टेकवली, दोन्ही भिंती धरून अंग खाली दाबलं, आणि बसले की हो! गुडघे कानाशी आले. पाय खोबणीत गेले. त्यांनी पट्टासुद्धा लावून पाहिला.

"फिरव चाक!"

गोविंदानं स्टँडवर लावलेल्या सायकलचं पायडल मारलं. चाक गरगरा फिरलं आणि उकंडरावांच्या पायांना वारासुद्धा लागला नाही. "नाही लागत!" ते आनंदानं ओरडले. "अबे, पाय नाही लागत!" त्या ओरडण्यानं रस्त्यावरची चार माणसं थांबली, आणि चार थांबली म्हणून आणखी दहा थांबली.

पट्टा सुटला. उकंडराव मात्र उठेनात. त्यांनी जोर केला तर सायकलच त्यांच्याबरोबर उठायला लागली. दोघांनी काखेत हात घालून ओढलं, दोघांनी सायकल दाबून धरली. काही उपयोग नाही.

"बोल्ट खोल ना बे!"

"बोल्ट सीटच्या आतून हाय काका. तुम्ही त्याच्यावरच बसले."

"मंग काढ."

"तुम्ही उठा, लगेच काढतो."

"मले उठता आलं असतं, तं तुले बोल्ट काढाले काऊन सांगतलं असतं?"

"कॅरिअरसकट काढू?"

"अन् कॅरिअर बुडाले लावून गावातून जाऊ?"

गर्दी खुसखुसायला लागली. या गर्दीतल्या निम्म्या लोकांच्या बांधाची भांडणं उकंडरावांनी पारावर बसून मिटवली होती. आज तेच लोक त्यांना लाल सीटमध्ये बसलेलं बघत होते. कोणाकडे पाहावं ते त्यांना समजेना.

गोविंदाला दया आली. तो करवत घेऊन आला. "एक बाजू कापतो. आत्ता मोकळे होता."

"सीट?"

"ते कामातून गेली समजा."

उकंडरावांनी गर्दीकडे पाहिलं. मग खोबणीत सुखरूप बसलेल्या आपल्या पायांकडे पाहिलं. ही सीट गेली तर दुसरी नाही, आणि सीट नाही तर गार्गी नाही. "ठेव ते करवत," ते म्हणाले. "मले असाच घरी घेऊन चाल."

दैव पण काय खोडसाळ असतं! सायकल रस्त्यावर येते न येते तोच, एसटीतून उतरून शालिग्राम समोर उभे. लोणारचे शालिग्राम, म्हणजे अश्विनीचे वडील, उकंडरावांचे सख्खे व्याही. व्याही भेटला तर उभं राहून गळाभेट घ्यायची, ही रीत. आणि रीतीच्या बाबतीत उकंडराव भलते कडक. पोराच्या लग्नात शालिग्रामांच्या भावानं खुर्चीवर बसूनच रामराम केला, एवढ्यावरून ते भरल्या ताटावरून उठले होते. त्यांची समजूत घालता घालता वरण थंड झालं होतं.

"रामराम इवाई," शालिग्राम चाचरत म्हणाले.

उकंडरावांनी उठायचा प्रयत्न केला. सायकल डुगडुगली.

"बसा, बसा," शालिग्राम घाईनं म्हणाले. "उठू नका."

उकंडरावांना वाटलं, धरणीनं पोटात घेतलं तर सीटसकट जाऊ.

गोविंदा हँडल धरून पुढे, शालिग्राम मागून आधार देत, अशी स्वारी निघाली. मग शालिग्रामांना राहवेना. "पन हे सीट कायले घेऊन राह्यले?"

"गार्गीसाठी."

"हाव, तिले लागलं होतं ना मांगं. अश्विनी फोनवर सांगे, उंबरठ्याले अडकून पडली म्हने."

म्हणजे सुनेनं माहेरीसुद्धा आपलं नाव घेतलं नाही, हे उकंडरावांच्या ध्यानात आलं. घरात बोलली नाही ती नाहीच, पण बापापाशीही सासऱ्याला झाकून घेतलं. बाजारात एवढी शोभा झाली तेव्हा आली नव्हती एवढी शरम त्यांना आता आली. अब्रू तर आधीच रस्त्यावर सांडली होती, आता राखून ठेवायचं काय?

"उंबरठा नाही इवाई," ते मान खाली घालून म्हणाले. "मीच. माह्या सायकलीच्या चाकात गेला तिचा पाय. मीच जोरात नेली."

शालिग्राम इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "अश्विनी लहान होती तवा माह्या हातून बैलबंडीतून पडली होती. तिच्या मायले म्या अजून सांगतलं नाही. तुम्ही बी नका सांगू."

घरी अंगणात रुखमाबाई तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. नवरा सीटमध्ये, व्याही मागं, दुकानदार पुढं, हे दृश्य पाहून त्यांच्या हातातलं सूप कलंडलं. "अवं माय! हे काय सोंग आनलं?"

अश्विनी गार्गीला घेऊन बाहेर आली. वडिलांना पाहून हसणार होती, तेवढ्यात सासरे दिसले आणि तिनं पदर तोंडाला लावला. उकंडरावांनी डोळेच मिटून घेतले.

बांगड्या भरताना हातावर सोडतात तसं रुखमाबाईंनी साबणाचं पाणी दोन्ही बाजूंनी सोडलं. "श्वास सोडा. पोट आत घ्या. अन् ते चंची काढा आधी!" कनवटीची चंची निघाली, सगळ्यांनी मिळून एक हिसका दिला, आणि उकंडराव बाहेर आले. ओलं धोतर सावरत ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

अश्विनी सीटजवळ गेली. तिनं भिंती दाबून पाहिल्या, पट्टा ओढून पाहिला, पायाच्या खोबणीत हात घातला. मग महिनाभरात पहिल्यांदा ती सासऱ्यांशी नीट बोलली.

"मामाजी, लोकायनं ओढलं तरी तुम्ही निंघाले नाही?"

"नाही."

"हलले बी नाही?"

"नाही ना पोरी." उकंडरावांचा आवाज भिंतीतून आल्यासारखा आला.

"एवढा मोठा मानूस यातून निंघू नाही राह्यला, तं माही पोरगी काय पडते!" तिनं पदरानं सीट कोरडी केली, गार्गीला आत बसवलं आणि पट्टा लावला. "उद्यापासून तुम्हीच न्या अंगनवाडीत. पन हळू न्याचं."

"हाव," एवढंच उकंडराव म्हणाले. मग भिंतीकडून वळून ते सायकल पुसायला फडकं शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी निघाली. गार्गी लाल सीटमध्ये राणीसारखी बसली होती. पहिल्याच घरापाशी ती ओरडली, "आमचे आबा याच्यात फसले होते!" पुढच्या घरापाशी, "निंघूच नाही राह्यले! आजीनं साबन लावला!" दारादारांतून माणसं बाहेर यायला लागली. उकंडरावांनी घंटी वाजवून पाहिली, तर ती घंटीपेक्षा मोठ्यानं ओरडायला लागली.

पुढं हॉटेल आलं. बाकड्यावर काल बाजारात हसलेली झाडून सगळी मंडळी चहा पीत बसली होती. दोन पायडल जोरात मारली असती तर सायकल पाहता पाहता पुढे निघून गेली असती. उकंडरावांचा पाय शिवशिवला. मग त्यांनी दोन्ही ब्रेक दाबले आणि सायकल अगदी सावकाश, पोर चालेल एवढ्या वेगानं बाकड्यासमोरून नेली. गार्गीला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायला भरपूर वेळ मिळाला.