मौजे प्रकाशा येथील बंब आणि सोलर यांच्या तहाची हकीकत

“सूर्यदेवले दुसरा कामधंदा नही शे का? आते मन्ही आंघोयनं पानी तापाडी का तो?” ऐसी कुरकूर पहाटेचे समयी, बंबाच्या धुरातून, हातभर अंतरावरोन सूनबाई रुचिकाबाईंचे कानी आली. बोलणार खुद्द सासूसाहेब, मातोश्री कौसाबाई. सुनेने ऐकावे ऐसाच हेतू होता.

श्रोतेजनहो, सावध असावे. तापीतीरी मौजे प्रकाशा, शके एकोणीसशे शेहेचाळीस, माघ मास, थंडीने अवघा मुलूख काबीज केला असता जी मोहीम जाहली, ती पदरचे तिखटमीठ न लाविता लिहिली असे. तिखट गच्चीवर आपसूक वाळत होते.

कौसाबाईंची दौलत म्हणजे तांब्याचा बंब. चाळीस वर्षे पहाटे उठोन कपाशीच्या पऱ्हाट्यांचा सरंजाम लावावा आणि बंब पेटवावा, आणि मग दस्तुराप्रमाणे एकेकास पाणी मंजूर करावे. प्रथम चिरंजीव हेमकांतराव, कारण त्यांस शहाद्यास पतपेढीत नोकरीवर जाणे; मग सूनबाई; आणि आदले दिवशी ज्याने उलट उत्तर केले त्यास कोमट.

परंतु गतमासी अनर्थ होता होता राहिला. विस्तवाची आणि पदराची गाठ पडोन लुगडे वीतभर जळाले, आणि रुचिकाबाईंनी कळशी उपडी करोन आग विझविली. मातोश्रींची नजर मंद जाहली, हा मजकूर अवघ्या घरास ठाऊक; परंतु उच्चारील कोण? डोळ्यांचा विषय निघता “मन्ही नजर घारनी शे!” ऐसा हुकूम सुटे आणि दोन दिवस भाकरीवर बहिष्कार पडे. म्हणोन घरात बोलती ते ऐसे की ठिणगी उडाली, वारा होता, लुगडेच पातळ निघाले. आणि रुचिकाबाई तेव्हापासोन रोज पहाटे “मला मेली झोपच येत नाही” ऐसे सोंग घेवोन, जांभया गिळीत, भरली कळशी मांडीशी धरोन बंबापाशी चौकी देती.

मग नवराबायकोची मसलत जाहली की गच्चीवर सोलर आणावा, म्हणजे विस्तवाचे कारणच उरणार नाही. हेमकांतरावांनी धीर करोन “आई, बंब आता मोडीत...” येथवर वाक्य नेले. पुढील वाक्य मातोश्रींच्या मुद्रेपुढे ठार जाहले. तेव्हा शहाद्याहून अजहर मिस्त्री यांस पाचारण केले. ते पाना, पाईप आणि गोड जीभ ऐसी तिहेरी फौज घेवोन दुचाकीवरून दाखल जाहले आणि प्रथम मातोश्रींच्या हातचा चहा प्याले. मग अर्ज केला, “माय, तुन्हा बंबले कोनी हात लावाव नही. सोलर त्याना चाकर.” हे चाकर म्हणणे मातोश्रींस फार मानवले.

तहाची कलमे ठरली, ती ऐसी. सोलरचे ऊन पाणी नळाने उतरोन बंबातच पडावे. नळाचे तोंड बंबाहून वीतभर उंच, मोकळे राखावे, बंबाशी जखडोन वाफेची वाट अडवू नये. आभाळ भरले तरच विस्तव घालावा, तोही बंबात पाणी पाहोन, आणि तो रुचिकाबाईंनी घालावा. हे कलम मिस्त्रींनी खोकत खोकत वाचिले. पाणी वाटण्याचा हक्क मात्र कौसाबाईंकडे, आंघोळी चालती तोवर.

मग टाकी दोराने गच्चीवर चढली. दोर ओढिता हेमकांतरावांची पाठ धरली आणि गल्लीने उभे राहोन फुकटचे हुकूम दिले. टाकीचे माथ्यावर एक उभी, उघडी नळी बसली. मिस्त्रींनी सर्वांस ताकीद केली की हा टाकीचा श्वास आहे, काय वाटेल ते होवो, हिचे तोंड बुजू नये. मातोश्री ते समयी मिरच्या हलवीत होत्या.

तिसरे दिवशी त्या नळीतून चार थेंब मिरच्यांवर पडले. कौसाबाईंनी पालथ्या बादलीवर चढोन, दाणे काढिलेले मक्याचे कणीस हिरव्या चिंधीत गुंडाळोन नळीत ठोकिले आणि संतोषाने खाली आल्या. दोन प्रहरी ऊन चढले आणि टाकी प्रथम गुरगुरली, मग घोरू लागली, मग सांध्यासांध्यांतून फुत्कार सोडू लागली. रुचिकाबाई दोरीवरील वाळले कपडे आणण्यास वर गेल्या त्या ओरडतच मागे फिरल्या. मिस्त्रींचा फोनवरोन हुकूम आला की टाकीस हात लावू नका, लांबून काचांवर ऊन अडवा. मग सूनबाईंनी लग्नातली गोधडी दुरोन फेकिली आणि सोलरास भर दुपारी झोपविले. हेमकांतराव पाठ धरोन “फेक! अजून फेक!” ऐसी वीरश्री देत जिन्यात राहिले.

मिस्त्री दौडत आले, टाकी थोडी निवू दिली, आणि मग जिन्याआडोन लांब बांबूने कणसास कोपरखळ्या मारिल्या. कणीस तोफगोळ्यासारखे सुटले ते शेजारच्या म्हशीस लागले. म्हशीने त्याकडे पाहिले आणि रवंथ चालू ठेविला. वाफ सुटली, टाकी निवांत जाहली, आणि बंबात खळखळा ऊन पाणी उतरले.

शेजाऱ्याने कणीस आणोन दिले. हिरवी चिंधी तैसीच लोंबत होती आणि तसलेच लुगडे मातोश्रींचे अंगावर. अवघ्यांनी पाहिले आणि अवघ्यांनी आभाळाकडे पाहिले. हेमकांतराव बोलिले, वानराचे काम. मिस्त्री बोलिले, कावळा, भाऊ, कावळे हल्ली फार. रुचिकाबाई बोलिल्या की वारा होता. बोलिता बोलिता त्यांनी पालथी बादली उचलोन आपल्या काखेत मारिली, कारण विस्तवापासोन राखिलेली सासू आज तिजवर चढली होती.

कौसाबाईंनी कणीस हाती घेतले, बोटांनी चाचपले, चिंधी सोडोन तिची घडी केली. माघ वद्य षष्ठीस, तिसरे प्रहरी, चौघांसमक्ष, गच्चीवरी जी फत्ते जाहली, ती त्यांच्याच शब्दांत येथे दाखल केली असे:

“वानरनं नाव कसाले लेतस रे? मीच घालेल शे ते कणीस. माले वाटनं पाईप फुटेल शे. मन्हा डोयाले दिखत नही आते, रुचिका. सकाय माले डॉक्टरकडे ली चाल.”