छत्रीचं व्रत

"मावशी, पंधरा दिवस चेहऱ्याला ऊन लागू द्यायचं नाही हं! दहा ते चार घरातच. बाहेर पडलात तर छत्री, चष्मा, आणि दर दोन तासांनी हे मलम. कबूल?"

बीडच्या डॉक्टरीणबाईंचा हा आवाज वनमालाबाईंच्या कानात एसटीतून उतरेपर्यंत घुमत होता. गालांवरचे वांग लेसरनं घालवायचा हट्ट लेकीचा, दिपालीचा. पण "कबूल" म्हणाल्या होत्या त्या स्वतः. आणि निर्जळी एकादशी हसतहसत काढणाऱ्या बाईला पंधरा दिवस सावलीत बसणं म्हणजे काय, खेळच!

फक्त गावाला कळता कामा नये. सगळे उपासतापास करणारी बाई पन्नाशीत तोंड उजळायला गेली, ही बातमी पाटोद्याच्या बाजारात पोचायला एक चहा पुरे! आता, खोटं बोलायचं नाही हा वनमालाबाईंचा नेम. पण कुणी न विचारलेलं सांगायचंच, असा नेम काही त्यांनी धरला नव्हता. देवानं ठेवलेली तेवढीच फट!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रोजच्यासारख्या सूर्याला अर्घ्य द्यायला अंगणात आल्या. गालांवर मलमाचा पांढरा थर, डोक्यावर घट्ट पदर, डोळ्यांवर नवऱ्याचा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. एका हातात तांब्या, दुसऱ्यात छत्री. अर्घ्याची धार छत्रीवरून घरंगळली ती थेट स्वतःच्याच पायांवर! अर्घ्य कोण कुणाला देतंय, हे सूर्यालाही कळलं नसेल.

भिंतीपलीकडून शेजारच्या छबुबाईंनी मान काढली. "आवं वनमालाबाई, आभाळात ढगाचा ठिपका न्हाई, अन् छत्री कशापायी?"

पूजा होईपर्यंत वनमालाबाईंचं मौन असे. त्यांनी गडबडून तांब्या कपाळाला लावला.

"अगं बाई! व्रत हाय व्हय!" छबुबाईंनी भिंतीलाच हात जोडले.

झालं! आठवडाभरात अख्ख्या गल्लीत छत्र्या उगवल्या. खिडकीतून वनमालाबाईंची मलम लावायची वेळ साधून बाया तोंडाला पांढरं फासू लागल्या. कुणी पावडर, कुणी दही. जानकीबाईंनी तर गव्हाचं पीठ लावलं. घामानं दुपारपर्यंत गालांवर कणीक तिंबून तयार! आणि दहाच्या ठोक्याला साऱ्या घरात.

"अगं, ह्ये व्रत न्हाई!" वनमालाबाई काकुळतीला आल्या.

"कळलं, कळलं! गुप्त हाय!" जानकीबाईंनी डोळा बारीक केला.

आता खरं सांगावं तर लाज, न सांगावं तर पाप. वनमालाबाईंना काही सुचेना. त्यात एका संध्याकाळी मोहनराव तणतणत ओसरीवर आले. गावातली अर्धी जमीन त्यांची.

"वैनी, माझ्या सोयाबीनात गुडघाभर तण झालंय! दहा वाजले की बाया खुरपं टाकून घरला. इचारलं तर म्हणत्यात, व्रत हाय! देवाला काय माझंच रान दिसलं?"

वनमालाबाईंचा जीव चिमणीएवढा झाला. आपल्या गालांपायी दुसऱ्याचं पीक जायचं! "भाऊजी, उद्या दिवस उगवायला खुरपणी सुरू व्हईल. माझा शब्द हाय."

लगेच त्यांनी बायांना ओसरीवर बोलावलं. "बायांनो... ह्ये व्रत न्हाई. मी तोंडावरचे वांग काढायला लेसर केलंय. डॉक्टरीणबाईंनी ऊन वर्ज्य सांगितलं, म्हणून छत्री."

वनमालाबाईंनी डोळे मिटले. आता हसतील. आता गेली सगळी अब्रू!

छबुबाई पुढं आल्या. हनुवटीला धरून त्यांनी वनमालाबाईंचा गाल दिव्याकडं वळवला, भाजीवालीकडचं वांगं बघावं तसा.

"लई साफ झालंय की वं! दुखतं का?"

"माझ्या नाकावरचा डाग जाईल का?" जानकीबाई पुढं सरकल्या.

"दवाखाना बीडात कुठंशी हाय?"

हसलं कुणीच नाही! वनमालाबाईंना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी दवाखान्याचा पत्ता खाणाखुणांसकट सांगितला. "मग उद्या पहाटे रानात या बरं का!"

"पहाटे ना? निघतोच की!"

पहाटे जीपचा हॉर्न वाजला. वनमालाबाई खुरपं घेऊन बाहेर आल्या, तर बजरंगच्या भाड्याच्या जीपमध्ये अख्खी गल्ली! ठेवणीतल्या साड्या, मांडीवर छत्र्या.

"आवं, रान तिकडं हाय!"

"आमी बीडला चाललो! लवकर गेलं की नंबर लवकर लागतो," छबुबाई म्हणाल्या.

"अन् खुरपणी?"

"तुमीच म्हणला न्हवं, ऊन वर्ज्य! आतापासून पाळलेलं बरं!"

जीप धुरळा उडवत गेली. आतून नवऱ्यानं, त्रिंबकरावांनी, हाक मारली, "अगं, चहा ठेवतेस ना?"

पूजेआधीचं मौन तर बायांपायी मोडलंच होतं, आता दिलेला शब्द तरी मोडायचा नव्हता. वनमालाबाईंनी मलम लावलं, खुरपं कमरेला खोचलं, अर्घ्याचा तांब्या आणि छत्री घेतली. परतायला ऊन होईल म्हणून काळा चष्माही आत्ताच चढवला. आणि त्या मिट्ट अंधारात, वाट चाचपडत, मोहनरावांच्या सोयाबीनाकडं एकट्याच चालू लागल्या.