हरचंद मास्तरचं उसनं हसू

२०१९ साल, पौष महिना, संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते, आणि हरचंद मास्तरचं हसू अजून दौलत चित्तेकडेच होतं. नेलं होतं पंधरा दिवसांच्या बोलीवर. त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

गिरणेकाठच्या पिंपरवाड्यात कुणाचंही चित्र काढायचं तर रीतसर उसनवारी करावी लागते. नाक, कान, केस यांना परवानगी लागत नाही. ते समोर दिसतात, दिसेल तसे काढावेत. पण ज्या एका गोष्टीसाठी तो माणूस आपल्याला आवडतो, ती नुसती बघून कागदावर उतरत नाही. तिच्यासाठी नगरपालिकेच्या सात नंबरच्या खिडकीवर अर्ज भरावा लागतो. चित्र पुरं झालं की ते नऊ दिवस उघडं ठेवायचं. तेवढ्या मुदतीत उसनी आणलेली गोष्ट आपली आपण धन्याकडे परत जाते. मागे चित्र उरतं. जरा मंद होतं, पण ओळख पटते, आणि चाहत्याची भिंत सजते.

दौलतने आयुष्यभर दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या पाठी रंगवल्या. शाळा चौथीपर्यंत. अक्षर असं की शिकलेली माणसं पाटीसमोर थांबून बघत. फावल्या वेळात तो पेन्सिलीने चित्रं काढी, आणि तीही ज्यांना त्याने मनापासून मानलं त्यांचीच. एका सिनेमातल्या खलनायकाची नजर त्याने मुंबईहून रजिस्टर पोस्टाने मागवली होती आणि आठव्या दिवशी ती परत गेली होती. कबड्डीतल्या एका पोराचा दम आणला होता, तोही वेळेत गेला. दौलतच्या नावावर कधी बोट ठेवायला जागा नव्हती.

हरचंद मास्तर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. एका श्वासात तो एवढा लांब जायचा की वरातीतले घोडे थांबत. श्वास संपला की वाद्य तोंडापासून काढायचा, आणि मग त्याच्या ओठांचा डावा कोपरा तेवढा वर जायचा, कुणाच्या तरी खिशातून काहीतरी उचलल्यासारखा. ते हसू बघायला दौलत तीस वर्षं वरातींबरोबर चालला. नवरा कुणाचा, नवरी कुणाची, त्याला देणंघेणं नव्हतं.

ते हसू त्याने मागितलं. मास्तरने अर्जावर सही केली. चित्र झालं, आणि दौलतला कळलं की याच्यासारखं आपल्या हातून पुन्हा होणार नाही. नऊ दिवसांनी ते मंद होणार हे त्याला सोसवेना. त्याने त्याच दुपारी साय काढलेलं दूध घेतलं, फुंकणीने चित्रावर फवारलं आणि सावलीत वाळवलं. पेन्सिलीचं शिसं तसं केलं की कागदाला धरून बसतं, पुसलं जात नाही. हसूही बसलं.

तेव्हापासून चित्र बैठकीच्या खोलीत काचेमागे होतं. तालुक्यावरून माणसं बघायला येत. फोटो काढायची परवानगी दौलत देत नसे. म्हणे, शिसं चमकतं.

त्या गुरुवारी सकाळी हरचंद मास्तर स्वतः आला आणि ओट्यावर बसला.

"चहा घ्या," दौलत म्हणाला.

"घेईन. पौष आहे. लग्नं नाहीत, बँड झाकून ठेवलाय. म्हटलं, जाऊन यावं."

"बरं केलं."

"चित्र बघू?"

अकरा वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं. दौलत त्याला आत घेऊन गेला. मास्तर चित्रासमोर उभा राहिला आणि बराच वेळ स्वतःकडे बघत राहिला.

"चांगला होतो की मी."

"होता कशाला? आहात."

"आहे कुठे? हा इथे आहे." त्याने काचेवर बोट टेकवलं. मग बोटाचा डाग धोतराच्या सोग्याने पुसला.

दौलतची सून प्रणिता चहा घेऊन आली. तीही चित्रं काढायची, पण टॅबवर. मास्तरने कप हातात घेतला, प्याला नाही.

"नात आलीय घरी. सहा महिन्यांची. रविवारी तिचं बोरन्हाण आहे. गावभरच्या मांड्यांवर खेळते, पण मी दिसलो की तोंड लाल करून आकांत मांडते. मोठी माणसं सवयीने घेतात. कुणी गर्विष्ठ म्हणतं, कुणी नवरीचा बाप विचारतो, मास्तर, आमचं काही चुकलं का. ते चालतं. तिला कोण समजावणार?" त्याने घोट घेतला. "मी मेल्यावर रडली तर मला चालेल, दौलत. आत्तापासून नको."

हे त्याने कोऱ्या चेहऱ्याने सांगितलं. दुसरा त्याच्याकडे नव्हता.

"परत करायचं विसरूनच गेलो होतो," दौलत म्हणाला.

"मीही मागायचं विसरलो होतो," मास्तर म्हणाला.

दोघांनी चहा संपवला.

शुक्रवारी दौलत, मास्तर आणि प्रणिता सात नंबरच्या खिडकीपुढे उभे राहिले. आत बडगुजरबाई होत्या. त्यांनी जुना अर्ज शोधून काढला, त्यावरची धूळ झटकली आणि चष्मा वर केला.

"पंधरा दिवस लिहिलंय."

"हो."

"कशाने बसवलं?"

"दुधाने."

"गाईच्या की म्हशीच्या?"

"म्हशीच्या. साय काढून."

"मग आपोआप जायचं नाही. गाईचं असतं तर पावसाळ्यात सुटलं असतं." बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. "खरडावं लागेल. ब्लेडने. ओठापुरतंच, बाकी चेहऱ्याला हात लावायचा नाही. निघेल तो चुरा पुडीत बांधायचा आणि धन्याच्या हातात द्यायचा. फुंकर मारायची नाही. उडालं तर आम्ही जबाबदार नाही."

"म्हणजे चित्राला तोंड राहणार नाही," दौलत म्हणाला.

"तोंडाच्या जागी कागद राहील."

प्रणिता पुढे झाली. "मॅडम, त्याआधी मी स्कॅन करून घेतलं तर? चित्र टॅबवर तरी राहील सासऱ्यांच्या हातचं."

"प्रत झाली की वाटणी होते. निम्मं प्रतीत, निम्मं धन्याला."

"पण मी टॅबवर काढते तेव्हा तर सगळं परत जातं."

"तुम्ही वेळेत परत करता म्हणून. परवा मालिकेतल्या त्या नटीची भुवई नेलीत, सव्वा तासात जागेवर. जरा सासऱ्यांना शिकवा." बाईंनी दौलतकडे बघितलंही नाही. "हे अकरा वर्षं थकलेलं आहे. थकलेल्याची प्रत काढली तर वाटणी. नियम माझा नाही."

दौलतची कानशिलं तापली. या खिडकीवर त्याला असं कुणी बोललं नव्हतं.

तेवढ्यात मागून मास्तर म्हणाला, "निम्मं चालेल मला."

सगळे वळले.

"खरंच चालेल. लहान पोरीला निम्मं पुष्कळ झालं. तिचं तोंड केवढं, तिला लागतं केवढं! प्रत काढ पोरी तू. याचं आयुष्यातलं काम आहे ते."

"धन्याची लेखी संमती असेल तर होऊ शकतं," बडगुजरबाई म्हणाल्या आणि दुसरा अर्ज खिडकीतून पुढे सरकवला.

मास्तरने पेन मागितलं. प्रणिताने दिलं. तिने दौलतकडे बघितलं. तिला वाटलं, सुटला म्हातारा. दौलतलाही क्षणभर तसंच वाटलं. टॅबवर का होईना, ते राहील. माणसं येतील, प्रणिता टॅब पुढे धरेल, माणसं म्हणतील, काय हात आहे!

मास्तरने सहीसाठी मान खाली घातली. त्याच्या ओठांचा डावा कोपरा सरळ होता, आखणीच्या पट्टीने मारलेल्या रेघेसारखा. दौलतने तो जवळून पहिल्यांदाच बघितला. अकरा वर्षं तो वरातीत गेला नव्हता.

त्याने पेन मास्तरच्या हातातून काढून घेतलं.

"उसनं आणलेलं अर्धं देत नसतात."

"अरे, मी देतोय राजीखुशीने."

"तुम्ही द्याल. मी घेणार नाही." मग तो खिडकीकडे वळून म्हणाला, "बाई, लिहून घ्या. मी विसरलो नव्हतो. मुद्दाम बसवलं होतं."

"त्यासाठी अर्जात रकाना नाही," बडगुजरबाई म्हणाल्या.

"मला ठाऊक होतं," मास्तर म्हणाला. "तू वरातीत यायचा बंद झालास तेव्हाच. म्हटलं, घरी बघत असेल."

शनिवारी दुपारी दौलतने चौकट भिंतीवरून उतरवली, काच बाजूला केली आणि चित्र ओट्यावर उन्हात ठेवलं. दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा घेतला. प्रणिता टॅब घेऊन दारात उभी होती. तिने एकदा चित्राकडे बघितलं, मग आत जाऊन टॅब कपाटात ठेवला, किल्ली फिरवली आणि परत येऊन सासऱ्याजवळ बसली.

"मी कागद धरू, तात्या?"

"धर. हलू नको."

"बाजूने सुरू करता की मधून?"

"उजवीकडून. डावा कोपरा शेवटी."

ब्लेड त्याने आडवं धरलं, पाटीवरचा जुना रंग काढताना धरायचा तसं. शिसं आधी निघेना. दूध पक्कं बसलं होतं, काम चांगलं केलं होतं त्याने. मग राखेसारखं थोडं थोडं सुटू लागलं. प्रणिता मऊ ब्रशने ते गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पानावर ओढत होती. दोघंही श्वास जपून घेत होते. खालचा ओठ गेला. वरचा गेला. डाव्या कोपऱ्याशी दौलत थांबला.

"तात्या, चहा टाकू का?"

"नको."

त्याने तोही काढला. चिमूटभर भरलं सगळं मिळून. पान चार घड्यांचं करून त्याने दोऱ्याने बांधलं. चित्रात आता मास्तरचे डोळे होते, फेटा होता, छातीशी धरलेलं क्लॅरिनेट होतं, आणि तोंडाच्या जागी कागद, जरा पिंजारलेला. दौलतने ते परत चौकटीत घातलं आणि होतं तिथेच लावलं.

रविवारी मास्तरच्या अंगणात सतरंजी घातली होती. पोर मधोमध बसवलेली, काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने, मागून आईचा आधार. गल्लीतली मुलं बोरं आणि उसाचे तुकडे वेचायला टपून बसली होती. बडगुजरबाई स्थळपाहणीसाठी आल्या होत्या. पर्समध्ये शिक्का आणि शाईचा पॅड होता. मास्तरच्या सुनेने त्यांना तिळगूळ दिला.

दौलतने पुडी मास्तरच्या हातात ठेवली. मास्तरने दोरा सोडला, करड्या चुऱ्यात बोट बुडवलं आणि लोणी लावावं तसं ओठांवरून फिरवलं. सगळा चुरा संपवला. कागदही झटकून घेतला.

काही झालं नाही.

"वापरून दाखवावं लागेल," बडगुजरबाई म्हणाल्या. "त्याशिवाय पोच देता येत नाही."

"सवय राहिली नाही," मास्तर म्हणाला.

पोरीने त्याच्याकडे बघितलं. तिचा खालचा ओठ पुढे आला आणि हनुवटी थरथरू लागली.

"अहो मामंजी, जरा मागे सरका, ती रडेल," सून म्हणाली. मास्तर दोन पावलं मागे सरकला. कुणीतरी बोरं-कुरमुऱ्यांचं ताट खाली ठेवलं.

दौलत उभा राहिला. "ते असं येत नाही," तो म्हणाला. "आधी श्वास संपावा लागतो. मास्तरचं वाद्य आणा."

क्लॅरिनेट आलं. पौष असल्यामुळे ते फडक्यात गुंडाळलेलं होतं. मास्तरने फडकं सोडलं, जिभेने वाद्याच्या तोंडाची पट्टी ओली केली आणि सुरू केलं. दौलत आपल्या जागी जाऊन उभा राहिला. तीस वर्षं तो वरातीत उभा राहायचा तीच, वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताला, सहा पावलं लांब.

मास्तरचं वय चौऱ्याहत्तर होतं. तरी तो लांब गेला. मुलं बोरांचं विसरली. पोरीची हनुवटी थांबली. एका सुरावर तो राहिला, राहिला, अजून राहिला, गळ्याच्या शिरा फुगल्या, बडगुजरबाईंनी काळजीने घड्याळ बघितलं, आणि मग श्वास संपला. त्याने वाद्य तोंडापासून काढलं.

डावा कोपरा वर गेला.

चित्रात होता त्यापेक्षा तो जरा जास्त वर जात होता. दौलतने ते ध्यानात घेतलं.

पोर टक लावून बघत होती. मग तिने मुठीतले कुरमुरे सोडले, आणि दात नसलेलं तिचं तोंड हळूहळू उघडलं, आधी डावीकडून.

मास्तरने ताटातली बोरं ओंजळीत घेतली आणि तिच्या डोक्यावरून सोडली. मुलं त्यांवर तुटून पडली. बडगुजरबाईंनी त्या गोंधळात गुडघ्यावर कागद ठेवून शिक्का मारला, पोचपावती फाडली आणि दौलतला दिली.

त्याने ती घडी करून वरच्या खिशात ठेवली.